सोलापुरात लाल रंगाच्या मागावर

माझ्या मैत्रिणी मे महिन्यात महाबळेश्वरला जातात आणि परत आल्या की स्ट्रॉबेरीचं वर्णन करून आपल्याला जळवतात. मी सोलापूरला गेले होते. तेही दुष्काळाच्या साली, भर उन्हाळ्यात, आणि रंगाच्या डब्यामागे. तरीसुद्धा इतक्या हलक्या मनानं मी कुठल्याही प्रवासाहून परतलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी माझं काम सांगायला हवं. खाडीकाठच्या एका मोठ्या रसायनांच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. कारखाना मोठा म्हणजे केवढा, तर मिठाचे डोंगर आत जातात आणि त्यांचा कॉस्टिक सोडा होऊन बाहेर पडतो. त्याच मिठातून निघालेल्या वायूचं आम्ल होतं. दगडी कोळशाच्या डांबरातून नॅप्थलिन निघतं, म्हणजे आपण कपाटात ठेवतो त्याच डांबरगोळ्या, आणि त्यांच्यापासून कितीतरी टप्प्यांनी कापडाचे लाल रंग बनतात. एके काळी हे रंग परदेशातून बोटीनं यायचे. आता आमच्याकडून जातात आणि देशभरच्या रंगाऱ्यांच्या कढया त्यांच्यावर चालतात. ते डबे पुढे कुणाच्या अंगणात उघडतात, याचा विचार मी कधी केला नव्हता. प्रयोगशाळेत बसून सुताच्या चिमुकल्या लड्या रंगवून बघायच्या आणि डबा पास करायचा, एवढंच माझं जग.

सोलापूरहून तक्रार आली. चादरीचा लाल रंग धुतल्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर पसरतो. आमचे फिरतीवरचे गृहस्थ नेमके काविळीनं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "डब्यात खोट असेल तर त्या खेपेचा सगळा माल परत मागवू. रंगाऱ्याच्या हातात खोट असेल तर तसं फोनवर कळवा आणि या परत." बाईमाणसाला एकटीला फिरतीवर पाठवायची आमच्याकडे ही पहिलीच वेळ. आईनं डब्यात इतके लाडू भरून दिले की मी सोलापूरला नाही, आघाडीवर निघाले आहे असं गाडीतल्या लोकांना वाटलं असेल.

पूर्व भाग

स्टेशनाबाहेर पडले आणि उन्हानं डोळे मिटले. आमच्याकडे उकाडा असतो, घामानं साडी अंगाला चिकटते. सोलापूरचं ऊन कोरडं. घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळतच नाही, फक्त ओठ फुटतात. टांगेवाल्यानं माझी पेटी उचलली, आत काचेच्या नळ्या खुळखुळल्या, आणि त्यानं विचारलं, "दवाखाने की डाक्टर हो क्या बाई?" मी म्हटलं, रंगाची डॉक्टर. तो हसला आणि लॉजवर पेटी ठेवून मला पूर्व भागात घेऊन गेला.

पूर्व भाग ही विणकरांची वस्ती. घराघरातून मागांचा खडखडाट चालू. ओसरीवर तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मध्येच टांगेवाल्याशी हिंदी, अशा तीन भाषा एका दमात बोलणारी माणसं. आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे रस्त्याच्या कडेनं लावलेली डब्यांची रांग. पाण्याच्या टँकरसाठी बायकांनी नंबर लावून ठेवले होते, आणि त्यांतले निम्मे डबे आमच्या कारखान्याचे! सोड्याचे रिकामे डबे घासूनपुसून पाण्याला घेतलेले. मी टांगा थांबवून एकेका डब्याची चिठ्ठी वाचत गेले. सोड्याचेच होते, नीट धुतले की काही भीती नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. रांगेतल्या बायका मात्र माझ्याकडे संशयानं बघत होत्या. त्यांना वाटलं, मी नंबर मोडायला आले.

बालय्यांचं घर रांगेच्या टोकाला. पुढे अंगण, बाजूला पत्र्याची शेड, शेडेत रंगाच्या कढया. बालय्या पन्नाशीचे, उंच, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत कायमचे लालसर. या आळीतल्या विणकरांचं सूत ते रंगवून देतात. त्यांचे वडीलही तेच करायचे.

"कंपनीनं बाईमाणूस धाडलं व्हय?" ते म्हणाले.

"धाडलं की," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. हसायच्या स्थितीत ते नव्हतेच. आळीतले म्होरके विणकर यल्लप्पा तिथेच बाजेवर बसले होते. त्यांनी एक चादर माझ्यापुढे उलगडली. लाल मोरांची सुंदर चादर, पण मोरांच्या भोवती पांढऱ्यावर गुलाबी ओघळ.

"बाई, आमी बालय्याच्या बापाच्या हातचं सूत इणलंय," यल्लप्पा म्हणाले. "म्हनून आजवर थांबलो. पण आता ही येक खेप बगायची. ही बी उतरली तर सूत मिलकडं रंगवाया जानार. आमाला बी गिऱ्हाईक हाय की."

यल्लप्पा गेल्यावर बालय्यांनी मला शेडेत नेलं. दाराशी त्यांची बायको लक्षम्मा उभी होती, ती मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली. मी विचारलं, तर बालय्या म्हणाले, "आमच्यात लाल रंगाच्या येळंला बायका शेडंत येत न्हाईत."

"मग मी?"

"तुमी कंपनीचे सायब. तुमचं चालतंय."

त्या क्षणापासून मी साहेब झाले. मला खुर्ची मिळाली, पुरुषांच्या पंगतीत पान मिळालं, आणि लक्षम्मा मला वाढताना डोक्यावरचा पदर सावरू लागली. खरं सांगायचं तर मला थोडी मजाच वाटली.

बालय्यांची शेड

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर सूत रंगवलं. हे काम दोन पाण्यांत होतं. पहिल्या कढईत डांबरगोळ्यांपासून बनलेलं नॅप्थॉल, कॉस्टिक सोड्यात विरघळवलेलं. त्यात सूत बुडवून पिळलं तर ते नुसतं पिवळट दिसतं, वाटतं काहीच झालं नाही. मग दुसरं रसायन घातलेल्या, बर्फानं गार केलेल्या पाण्यात ते सोडायचं, आणि बघता बघता सूत लालभडक होतं. रंग डब्यात नसतोच, तो धाग्याच्या पोटात तिथल्या तिथे तयार होतो. मी हे हजार वेळा पाहिलं आहे, पण भांडंभर सुतावर. इथे काठीवर टांगलेल्या लड्याच्या लड्या एकदम पेटल्या, आणि मी नकळत "वा!" म्हणून गेले.

त्याआधी बर्फाचा घोटाळा मात्र माझ्यामुळे झाला होता. लादी मी आणते म्हणून ऐटीत गेले, आणि भुसा न घालता नुसत्या गोणपाटात गुंडाळून टांग्यातून आणली. पोचेपर्यंत लादीची वीट झाली होती आणि टांगेवाल्याची गादी भिजली होती. "अच्छा हुआ बाई, गरमी में ठंडा बैठेंगे," तो म्हणाला. बालय्यांनी निमूटपणे दुसरी लादी मागवली.

मी त्यांचा प्रत्येक हात पाहिला. सोडा किती, पिळणं कसं, शेवटी साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढणं, सगळं नेमकं. शेडेच्या भिंतीतून एक तोटी आत आली होती, तिच्यातून नितळ पाणी येत होतं. हौद भिंतीपलीकडे अंगणात. सूत वाळल्यावर मी माझा पांढरा रुमाल ओला करून लडीवर घासला. रुमाल गुलाबी झाला.

बालय्या त्या रुमालाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता डबा बगा."

डबा मी लॉजवर नेला. बालय्यांचा हौद टँकरनंच भरतो, म्हणून टँकर आला तेव्हा त्याच्या तोंडाशीच एक बादली भरून घेतली. पाणी चहासारखं गढूळ, कुठल्याशा तलावाच्या तळाचं. ते उकळून, पदरातून गाळून, लॉजच्या मालकाच्या स्टोव्हवर मी बालय्यांच्याच डब्यातला रंग वापरून दोन लड्या रंगवल्या. या भानगडीत लॉजची एक बादली आणि मालकाचा टॉवेल कायमचे लाल झाले, आणि मालकानं ते इतक्या सोशिकपणे घेतलं की मला जास्तच वाईट वाटलं. लड्या वाळल्या. दुसरा रुमाल ओला केला, घासघास घासला. पांढरा तो पांढराच.

म्हणजे डबा चांगला, पाणी चांगलं. उरले बालय्यांचे हात. फोनवर काय बोलायचं ते ठरून गेलं होतं, पण फोन करायला पाय उचलेना.

संध्याकाळी जाऊन मी त्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ते चिडतील, भांडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"तुमची कंपनी लई मोठी," ते म्हणाले. "माजी येक शेड. खोट निगायची तर कुनाची निगनार, सांगा की. पण बाई, डबा चांगला म्हनताय ते खरंच आसंल. मलाच वाटतंय हात गेला. माज्या बापाचा बी गेला होता शेवटी. त्यानं घातलेला रंग बसंना. मग त्यो कडंला बसून नुसतं बगायचा." मग म्हणाले, "झोप न्हाय मला. डोळा लागला की लाल पानी वाहताना दिसतंय."

मी लॉजवर परतले आणि मलाही चैन पडेना. एका माणसाला त्याचा हात गेला असं सांगायला कारखान्यानं मला तिकीट काढून पाठवलं होतं, आणि ते मी सांगून बसले होते.

अंगणात

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी घेऊनच निरोप घ्यायला गेले. बालय्या यल्लप्पांकडे गेले होते. लक्षम्मा म्हणाली, "जेवून जावा." मी म्हटलं, साहेब म्हणून पंगतीत नको, आज तुमच्याबरोबर बसते. ती लाजली, पण तिला बरं वाटलं. अंगणात, हौदाच्या सावलीला आम्ही दोघी बसलो. कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि भातावर चिंचेचं आंबटतिखट पुलुसु. आमच्याकडे आमटीत गूळ पडतो. तो इथे पडला नव्हता, आणि त्याशिवाय अडतं असंही वाटलं नाही. शेंगांची चटणी मी तीनदा मागून घेतली. ठसका लागला म्हणून तिनं तांब्या पुढे केला.

पाणी मी घटाघटा प्यायले आणि मग तांब्यात डोकावले. तळ स्वच्छ दिसत होता.

"लक्षम्मा, टँकरचं पाणी चहासारखं असतं. तुमचं इतकं नितळ कसं?"

तिचा चेहरा फुलला. आल्यापासून तिला तिच्या कामाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. "तुरटी फिरवते की," ती म्हणाली. "पिन्याच्या पान्यात उलीशी. आन् हौदात तर मोठा खडाच टांगलाय."

हातातला घास हातात राहिला. मी उठून हौदात वाकले. दोरीला बांधलेला नारळाएवढा तुरटीचा खडा पाण्यात लोंबत होता. कडा झिजून गोल झालेला.

"हा कधीपासून?"

"दुष्काळ पडून टँकर सुरू जाला तवापासनं तुरटी घालते. पण थोडी. मग रंग उतराया लागला. तवा तुमचा कंपनीचा मानूस आला होता, त्यो ह्यांना म्हनला, पानी स्वच्छ वापरा. मी हितनं ऐकलं. मला वाटलं, गढूळ पान्यानंच रंग बिगाडतोय. म्हनून मोठा खडा टांगला. हा तिसरा हाय."

मी खरकट्या हातानंच पेटीकडे धावले. आम्ल ओळखायचा निळा कागद हौदात बुडवला, तो लाल झाला. बालय्यांच्या शेल्फवरून नॅप्थॉलचं द्रावण काचेच्या पेल्यात घेतलं आणि त्यात हौदाचं पाणी ओतलं. नॅप्थॉल सोड्यात विरघळलेलं असतं. तुरटीचा आंबटपणा तो सोडाच खाऊन टाकतो. दूध नासावं तसं पेल्यातलं द्रावण फाटलं आणि त्याचे कण तळाला बसले. हेच कण सुतावर नुसते चिकटत होते, धाग्याच्या पोटात शिरतच नव्हते. वर लाल दिसायचं, पण धुतलं की निघून जायचं.

हौद अंगणात, तोटी शेडेत. पाणी बायकांचं, रंग पुरुषांचा. बायका शेडेत जात नाहीत आणि पुरुष हौदात डोकावत नाहीत, पाणी भरणं त्यांचं कामच नाही. आणि मी, खुर्चीवर बसलेली साहेब, टँकरचं पाणी तपासून मोकळी झाले होते. दोन दिवस भिंतीच्या पुरुषांकडच्या बाजूला बसून जेवले नसते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

लक्षम्मा पेल्याकडे बघत होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजे माज्या हातानं जालं," ती म्हणाली.

"तुमच्या हातानं पाणी स्वच्छ झालं," मी म्हटलं. "नुसतं 'स्वच्छ' म्हणून आमचा माणूस निघून गेला. तुरटी चालत नाही हे त्यानं सांगायला हवं होतं. रंग आमचा, आम्हाला माहीत होतं. तुम्हाला कसं माहीत असणार?"

हे मी तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. तेव्हा जो राग मला आला तो आमच्याच लोकांचा आला. एवढा मोठा कारखाना, मिठाचे डोंगर पचवतो, पण रंगाऱ्याच्या घरी पाणी कोण भरतं हे विचारायला त्याला कधी सुचलं नाही.

बालय्या परत आले. मी तोंड उघडायच्या आत लक्षम्मा तेलुगूत बोलू लागली. मला एक शब्द कळला नाही, पण ती खाली बघून बोलत नव्हती. खड्याची दोरी तिच्या हातात होती. बालय्यांनी खडा पाहिला, पेला पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ते हौदाच्या कडेवर मटकन बसले.

"म्हंजे हात हाय," ते म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी लक्षम्माच्या हातातली दोरी घेतली आणि काहीतरी बोलले. ती एकदम हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. काय म्हणाले ते मी विचारलं नाही. नवराबायकोचं बोलणं.

आता प्रश्न हौदाचा. भरलेला हौद, आणि दारात टँकरची रांग. ते पाणी ओतून द्यायचं म्हटलं असतं तर मला आळीतून हाकललं असतं, आणि योग्यच केलं असतं. पण इथे मी उपयोगी पडले. धुण्याच्या सोड्याचं पोतं शेडेत होतं, आमच्याच कारखान्याचं. कागद लावून बघत बघत हौदात सोडा मिसळत गेले. लक्षम्मा लांब काठीनं ढवळत होती. पाणी आधी दह्यासारखं पांढरं झालं, मग गाळ खाली बसू लागला. कागद रंग बदलेनासा झाला तेव्हा मी थांबले. सकाळपर्यंत सगळं निवळलं. एक तांब्यासुद्धा वाया गेला नाही.

शेवटचा दिवस

चौथ्या दिवशी बालय्यांनी सूत रंगवलं. बर्फाची लादी या खेपेला भुशात आली, मी आणली नव्हती. पहिल्या कढईपाशी त्यांनी तोटी सोडली, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं, आणि मग बाहेर आवाज दिला, "लक्षम्मा, हे पानी बग." ती उंबऱ्याशी आली आणि घुटमळली. त्यांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा आत आली, चव घेऊन "हां" म्हणाली आणि कढईच्या कडेलाच उभी राहिली. बालय्यांनी सूत कढईत सोडलं.

दुपारी यल्लप्पा आले, आणि त्यांच्या मागून आळीतले पाचसात विणकर. यल्लप्पांचा माझ्या रुमालावर विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःचं धोतराचं धुवट पान आणलं होतं. ते भिजवून त्यात लाल लडी गुंडाळली, वर जात्याची तळी ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसले. सगळे उभे. पत्रा तापला होता, आणि बाहेर टँकरपाशी कुणीतरी भांडत होतं. बालय्या भिंतीला टेकून बसले होते आणि यल्लप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

यल्लप्पा उठले. तळी बाजूला केली. पान हळूहळू उलगडलं, उन्हात धरलं, आडवं धरलं, उलटं करून पाहिलं. पांढरं होतं. कोपऱ्यातसुद्धा छटा नव्हती.

"हां," यल्लप्पा म्हणाले, आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सूत उद्या हितंच येनार! बापाचाच हात हाय. मिलवाले काय रंगवतेत, हितं बगा म्हनावं! आन् बालय्या, तुला सांगतो, दिवाळीच्या मालाला..."

लक्षम्मानं ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही वळून पाहिलं. बालय्या भिंतीला टेकलेलेच होते. मान एका बाजूला कलली होती, तोंड जरा उघडं, आणि ते लाल हात मांडीवर सैल पडले होते. ते गाढ झोपले होते.

यल्लप्पांनी वाक्य अर्धंच सोडलं. विणकर एकेक करून पावलांचा आवाज न करता बाहेर पडले. मीही माझी पेटी अशी उचलली की आतल्या नळ्या वाजू नयेत. निरोप घ्यायचा राहिला. लक्षम्मा त्यांच्याजवळ बसून पदरानं वारा घालत होती, तिनं मला नुसत्या डोळ्यांनी "या" म्हटलं. अंगणात आल्यावर यल्लप्पा माझ्या कानाशी लागून कुजबुजले, "बाई, आता समदी आळी हळू बोलनार बगा," आणि खरंच, मी टांग्यात बसेपर्यंत टँकरपाशी भांडणाऱ्या बायकांनाही कुणीतरी गप्प केलं होतं.